पाचाला कागद संपतो

तांडापेठेत एकोणतीस वर्षं
मी लेकरं टांगत आले काट्याला.
निळी झोळी, वर लोखंडी आकडा,
आत हातपाय झाडणारं पोट्टं
आणि काटा थरथरत असेपर्यंत
आईनं धरून ठेवलेला श्वास.
एक किलो नऊशे. दोन चारशे.
मी वजन मोठ्यानं सांगत नाही,
शेजारणी ऐकतात.

मग तक्त्यावर टिंब.
हिरव्यात पडलं तर आई हसते,
पिवळ्यात पडलं की उगाच पदर सारखा करते.
लाल पट्ट्याविषयी आत्ता नको.

केसर पराते पिवळ्यात वाढली.
माग विकल्यावर बाप सेंटरिंगच्या कामाला,
आई पहाटेच कळमन्याला, मिरच्यांचे देठ खुडायला.
तिखटाच्या बोटांनी घास भरवता येत नाही,
म्हणून सहा वर्षांचा भाऊ भरवायचा,
चहात बुडवलेलं बिस्कीट.
"पोळी चुर बापू, वरणात. वरून तेलाचा थेंब.
बिस्कीट तू खा."
शिकला तो.
एका महिन्यात टिंब नखभर वर सरकलं
आणि मी दिवसभर कुणावर खेकसले नाही.

मग ती शाळेच्या रांगेत, खिचडीची ताटली घेऊन.
मग तेराव्या वर्षी माझ्यासमोर,
लोहाची गोळी जिभेखाली दडवून
गल्लीच्या वळणावर थुंकणारी.
पाहिलं होतं मी.
दुसऱ्या दिवशी गोळीसोबत गूळ-फुटाणे दिले
आणि ती गिळेपर्यंत
तिच्या वेणीचं कौतुक करत बसले.

मागच्या बुधवारी आली. पाचवा महिना.
"मॅडम, सकाळचं काहीच टिकत नाही पोटात."
झोळीतली पोर आता पायांच्या काट्यावर,
चपला काढून, आपणहून.
त्रेचाळीस.
पट्टा कोणता, तिनं विचारलं नाही.
मुरमुरे उशाशी ठेव म्हटलं, उठायच्या आधी खायला.
बाकी वहीत लिहिलं.

घरी बाबा.
पन्नास वर्षं ज्या हातानं धोटा फेकला
तो हात आता वाटी धरतो
आणि वरण वाटीत हेलकावतं, सांडेपर्यंत.
कवळी डबीत. ताटाकडे पाहून म्हणतात,
"मले कायले वाढतं? वाढत्या लेकराले दे."
घरात लेकरू नाही.
माझा मुलगा पुण्याला, फोनवर जेवला म्हणतो.

परवा काटा घरी आणला, कुठंही न नोंदवता.
बाबा चढले, भिंतीला हात टेकून.
"हात काढा."
काढला.
एकोणचाळीस.
सवयीनं मी तक्ता उलगडला, बोट फिरवलं:
जन्म, एक, दोन, तीन, चार, पाच.
पाचाला कागद संपतो.
पुढं नुसता समास, पांढरा,
कोपऱ्यात छापखान्याचं नाव.
कपाट उपसलं. गरोदरबायांचं कार्ड निघालं,
शाळेचं निघालं, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची रेघ
कुठल्याच गठ्ठ्यात नव्हती.

"काय पाहून रायली?"
"तुमचा पट्टा."
हसले. बोळक्यातून वारा आला फक्त.
"पन्हा कमी झाला असंल, पोरी. ताणा पाहा."

रात्री गोळाभात केला.
गोळे मऊ, तिखट बेतानं, वर कढत तेल.
दोन खाल्ले त्यांनी. तिसरा
थरथरत्या बोटांनी माझ्या ताटात ढकलला.
"तू काऊन इतकी वाळली?"

एकोणतीस वर्षांत
काट्याच्या या बाजूलाच उभी होते मी.
भांडी झाल्यावर, दिवा न लावता, चढले.
मोबाइलचा उजेड पायांपाशी धरून वाकले,
तर काटा हलला, म्हणून सरळ झाले, पुन्हा वाकले.
आतून, अंधारातून बाबा म्हणाले,
"किती?"

शेजारणी झोपल्या होत्या.
तरी हळूच सांगितलं.